डिजिटल पियानो : पॅनेलवरची बटणं आणि मागची सॉकेट्स नेमकी कशासाठी?

कळफलक

माझ्याकडे ८८ पट्ट्यांचा पोर्टेबल डिजिटल पियानो आहे. स्पीकर आतच बसवलेले, मॅन्युअल हाताशी नाही. वर बटणं मोजकीच: चालू-बंद, व्हॉल्यूमची सरकपट्टी, पियानो, व्हॉइस, मेट्रोनोम, रेकॉर्ड, प्ले आणि फंक्शन. मागे डीसी इन, चौकोनी यूएसबी, सस्टेन (सूर लांबवणाऱ्या) पेडलचं सॉकेट, त्याशेजारी 'पेडल युनिट' लिहिलेलं बारीक पिनांचं आडवं सॉकेट आणि ऑक्स आउटची दोन मोठी भोकं. त्यातल्या एकावर एल/मोनो लिहिलंय, दुसऱ्यावर आर. समोरच्या कडेला हेडफोनची दोन.

वाजवण्यात अडचण नाही, जोडाजोडीत आहे.

१) पेडल सोडलेलं असताना सूर लांबतात, दाबलं की तुटतात. बरोबर उलटं.
२) यूएसबीने लॅपटॉप जोडून रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की प्रत्येक सूर दोनदा ऐकू येतो.
३) हेडफोनच्या भोकातून मिक्सरला वायर दिली, तर आवाज येतो पण पोकळ, लांबून आल्यासारखा. मिक्सर दुसऱ्या वाद्यांना ठीक चालतो.
४) टच (पट्टी किती जोरात दाबली की किती आवाज, हे ठरवणारं) आणि ट्रान्स्पोज (सगळे सूर वर-खाली सरकवणारं) ही बटणं कुठेच दिसत नाहीत. सोय नाहीच, की कुठे लपवलेली असते?

कुठल्या भोकात काय जोडायचं आणि काय अजिबात जोडायचं नाही, हे कोणी नीट सांगेल का?

तारसप्तक

आधी या भोकांची वाटणी करून घ्या, म्हणजे निम्मा गोंधळ मिटेल. डीसी इनमधून वीज येते. हेडफोन आणि ऑक्स आउटमधून तयार आवाज बाहेर पडतो. चौकोनी यूएसबीतून आवाज जात नाही, निरोप जातात: कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. या निरोपांच्या भाषेला मिडी म्हणतात. पेडलच्या भोकात तर नुसता खटका जोडलेला असतो. आता गंमत अशी की सस्टेन पेडल, ऑक्स आउट आणि मोठा हेडफोन जॅक, तिन्ही एकाच मापाची म्हणजे ६.३५ मिलिमीटरची. पिन खट्‌कन बसली म्हणजे जोडणी बरोबर झाली, असं इथे धरून चालायचं नाही.

डीसी इनबद्दल थोडक्यात. अडॅप्टर बदलायची वेळ आली तर तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. व्होल्ट तंतोतंत तेवढेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, आणि मधली पिन अधिक आहे की उणे हे दाखवणारं वर्तुळाचं चिन्ह सारखं. पोर्टेबल पियानोंत १२ व्होल्ट आणि मधली पिन अधिक हे पुष्कळदा दिसतं, पण १६ आणि २४ व्होल्टचीही मॉडेल्स आहेत आणि काही जुन्या कीबोर्डांत मधली पिन उणे असते. पियानोच्या पाठीवर किंवा पोटाला चिकटवलेल्या पट्टीवर हे छापलेलं असतं. अँपिअर कमी पडले तर गंमत लगेच कळत नाही. हळू वाजवताना सगळं सुरळीत चालतं, आणि आवाज वाढवून दोन्ही हातांनी जोरात स्वर दाबले की पियानो बंद पडून पुन्हा चालू होतो.

आता यूएसबी. 'टू होस्ट' लिहिलेलं चौकोनी भोक संगणकासाठी किंवा फोन-टॅबलेटसाठी. 'टू डिव्हाइस' लिहिलेलं चपटं भोक असलं तर ते पेन ड्राइव्हसाठी. तुमच्या पियानोला ते नाही. चौकोनी भोकाला साधी प्रिंटरची केबल चालते. ती ३ मीटरच्या आत ठेवा आणि मध्ये हब लावू नका. टाइप-सी ते चौकोनी अशी केबल घेत असाल तर ती डेटाची आहे ना ते बघा.

मिडीत काय जातं ते डोळ्यासमोर आणा. प्रत्येक पट्टीला क्रमांक असतो. सगळ्यात डावीकडची २१, मधला सी ६०, सगळ्यात उजवीकडची १०८. जोराचा आकडा १ ते १२७. बस्स, एवढंच. व्हॉल्यूमच्या सरकपट्टीचा या आकड्यांशी काही संबंध नाही. ती शून्यावर असली तरी निरोप पूर्ण ताकदीने जात राहतात.

तुमचा दुहेरी आवाज दोन प्रकारचा असू शकतो आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. पियानोला हेडफोन लावा, लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद करा आणि एकच पट्टी दाबा.

आता सूर एकदाच आला, तर दुसरा आवाज लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअर वाद्याचा होता. एक पियानोचा स्वतःचा, एक लॅपटॉपचा, दोन्ही एकदम वाजत होते. पियानोचा व्हॉल्यूम शून्यावर आणा आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐका, काम झालं.

पियानोच्या हेडफोनमध्येही सूर दोनदा आला, किंवा धातूच्या नळीतून आल्यासारखा थरथरीत आला, तर सॉफ्टवेअर तुमचा निरोप परत पियानोकडेच पाठवतंय. तीच पट्टी एकदा तुमच्या बोटाने आणि एकदा लॅपटॉपच्या सांगण्यावरून वाजतेय. यात पियानोची एकाच वेळी सूर धरून ठेवायची क्षमताही निम्म्यावर येते, म्हणून पेडल दाबून भरभर वाजवलं की आधीचे सूर मध्येच तुटतात. अशा वेळी सॉफ्टवेअरमधल्या त्या ट्रॅकचं मिडी आउटपुट पियानोकडे न ठेवता बंद करा, किंवा पियानोवर 'लोकल कंट्रोल' बंद करा.

लोकल कंट्रोल बंद म्हणजे पट्ट्या आणि पियानोच्या आतला आवाज यांचं नातं तुटलं. पट्ट्या फक्त निरोप पाठवतात, आवाज फक्त बाहेरून आलेल्या निरोपावर वाजतो. हे लक्षात ठेवा, कारण लोकल बंद राहिलं आणि यूएसबी काढली की पियानो ठार मुका होतो. दिवे लागलेले, व्हॉल्यूम वर, मेट्रोनोमही टिकटिकतो, पण पट्टी दाबली की काही नाही. बहुतेक मॉडेल्सवर बंद करून चालू केलं की लोकल पुन्हा सुरू होतं.

ध्वनिवाहिनी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वायरीच्या पिनेत आहे. पियानो आणि मिक्सर दोघेही निर्दोष आहेत.

तुमच्या वायरीची पिन हातात घेऊन बघा. तिच्यावर दोन काळ्या रेघा असतील तर धातूचे तीन भाग पडतात: टोक, मधलं कडं आणि मागची नळी. हेडफोनच्या भोकात टोकावर डावा आवाज असतो, कड्यावर उजवा, नळीवर ग्राउंड. मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटची रचना निराळी आहे. तो टोकावरच्या संकेतातून कड्यावरचा संकेत वजा करतो. वायरीत शिरलेली घरघर दोन्हीकडे सारखी असते, म्हणून ती वजाबाकीत निघून जावी, हा त्यामागचा हेतू. तुम्ही डावा आणि उजवा आवाज त्याच्या तोंडात दिलात तर तो डाव्यातून उजवा वजा करणार. पियानोच्या आवाजातला जो भाग दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणजे मधल्या पट्ट्यांचा सगळा गाभा, तो नाहीसा होतो. उरतो तो कडेकडेचा फरक आणि रिव्हर्ब, म्हणजे खोलीतल्यासारखी गूंज. म्हणून पोकळ आणि लांबून आल्यासारखं वाटतंय.

चांगला मार्ग म्हणजे हेडफोनचं भोक सोडून ऑक्स आउट वापरा. एका काळ्या रेघेच्या, म्हणजे मोनो पिनांच्या दोन वायरी घ्या. एल मिक्सरच्या एका चॅनेलला, आर दुसऱ्याला, आणि मिक्सरवर एक चॅनेल पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे वळवा. मिक्सरवर एकच चॅनेल मोकळा असेल तर फक्त एल/मोनोमध्ये वायर घाला आणि आर रिकामं ठेवा. आर रिकामं आहे हे पियानोला आतून कळतं आणि तो दोन्ही बाजू एकत्र करून एलमधून देतो. नुसत्या आरमध्ये वायर घातली तर मात्र अर्धाच पियानो मिळेल.

ज्या पियानोंना ऑक्स आउट नसतं त्यांना हेडफोनमधूनच आवाज काढावा लागतो. तिथे एका टोकाला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना अशी वाय आकाराची केबल लागते. हेडफोनच्या भोकात मोनो पिन मात्र घालू नका. मोनो पिनेची लांब नळी आतल्या कड्याच्या पातीलाही टेकते आणि उजवा आवाज थेट ग्राउंडला जोडला जातो. पियानोच्या आतल्या, हेडफोनसाठीच्या ॲम्प्लिफायरला तो शॉर्ट सर्किटच.

पातळी कशी ठेवायची: पियानोचा व्हॉल्यूम ६०–७० टक्क्यांवर, मिक्सरचा गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारी कळ) खाली. जेवढं जोरात वाजवणार आहात तेवढं वाजवून बघा आणि गेन हळूहळू वर आणा. पियानोचा व्हॉल्यूम खूप खाली ठेवून सगळी कसर मिक्सरवर काढली तर सुस्‌ आवाजही तेवढाच वर येतो. ऑक्स आउट सरकपट्टीप्रमाणे कमीजास्त होतो की ठरावीक पातळीवरच राहतो, हे मॉडेलवर असतं. सरकपट्टी हलवून मिक्सरच्या मीटरकडे बघा, दोन सेकंदांत कळेल. चालू करताना आधी पियानो, मग मिक्सर, शेवटी स्पीकर. बंद करताना बरोबर उलट क्रम. नाहीतर पियानो चालू-बंद होतानाचा धप्प आवाज थेट स्पीकरवर आदळतो.

हेडफोनबद्दल एक सांगायचं राहिलं. बारीक ३.५ मिलिमीटरच्या पिनेला जाड करणारा अडॅप्टर नुसता भोकात राहिला तरी पियानोचे स्पीकर गप्प होतात, कारण भोकाच्या आतला खटका पिन आली एवढंच ओळखतो, पुढे हेडफोन आहे की नाही ते त्याला कळत नाही. 'स्पीकर गेले' म्हणून दुरुस्तीला न्यायच्या आधी तो अडॅप्टर बघा. ऑक्स आउटला पिन लावल्याने मात्र पियानोचे स्पीकर बंद होत नाहीत.

हेडफोन ३२ ते ८० ओहमचे असले तर पियानोच्या जॅकवर व्यवस्थित वाजतात. २५० ओहमचे बऱ्याचदा दबलेले वाटतात.

लॅपटॉप आणि मिक्सर दोन्ही एकदम जोडल्यावर सतत घूं आवाज किंवा माउस हलवला की किरकिर आली, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज थांबला तर तो ग्राउंड लूप. यूएसबीच्या ग्राउंडमधून आणि ऑडिओ वायरीच्या ग्राउंडमधून विजेला फिरायला वर्तुळ मिळालेलं असतं. पियानो आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांना जोडणारी छोटी पेटी) घाला आणि त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा, म्हणजे ग्राउंडची जोडणी तोडणारा खटका वापरा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय कोणी सुचवला तर अजिबात करू नका. घरघर जाईल, पण बिघाड झाला की वीज अंगातून जाईल.

मंद्र

पेडलचं उत्तर. सस्टेन पेडल दोन जातींचं असतं. एकात पाय नसताना संपर्क जोडलेला असतो आणि दाबल्यावर तुटतो, दुसऱ्यात नेमकं उलटं. बहुतेक पियानो चालू होताना पेडलची जी अवस्था दिसेल ती 'सोडलेली' असं समजून चालतात. तेव्हा पियानो चालू असताना पिन घातली किंवा चालू होताना पाय पेडलवर राहिला, तर सगळं उलटं होऊन बसतं.

पियानो बंद करा. पेडलची पिन शेवटपर्यंत आत ढकला, अर्धवट घातली तरीही विचित्र वागतं. पायाने पेडलला न शिवता पियानो चालू करा. एवढ्याने नाही सुधारलं तर पेडलच्या पोटाला किंवा बाजूला एक छोटा सरकखटका आहे का बघा. बाजारात मिळणाऱ्या, कुठल्याही कंपनीच्या पियानोला चालतील अशा पेडलांवर तो असतो आणि संपर्काची दिशा उलटी करतो. खटका सरकवताना पियानो बंद ठेवा आणि मग चालू करा.

हाफ पेडलचं प्रकरण वेगळं. साध्या पेडलला दोनच अवस्था, दाबलं किंवा सोडलं. हाफ पेडलमध्ये आत कमीजास्त होणारा रोध (रेझिस्टन्स) असतो, तो पाय किती खाली गेलाय हे सतत सांगत राहतो. मिडीत सस्टेनचा क्रमांक ६४ आणि त्याची किंमत ० ते १२७. साधं पेडल फक्त ० किंवा १२७ पाठवतं, हाफ पेडल मधले आकडेही. मधले आकडे न समजणारं यंत्र ६४ आणि त्यापुढचं सगळं 'दाबलं' असं धरतं. यामाहाचं एफसी३ए हाफ पेडल आहे. रोलँडच्या डीपी-१० वर साधं की सलग हे निवडायचा खटकाच दिलाय. अशा पेडलला तीन भागांची स्टिरिओ पिन असते, म्हणून वायर लांबवायची तर एक्स्टेन्शनही स्टिरिओच घ्या. मोनो एक्स्टेन्शन लावलं की कड्याचा संकेत मध्येच तुटतो आणि पेडल एकतर चालत नाही किंवा सतत दाबलेलं राहतं. हाफ पेडल लावल्याने पियानोला ते कळेलच असंही नाही, पियानोच्या आतही ती सोय हवी.

'पेडल युनिट'च्या आडव्या सॉकेटमध्ये फक्त त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलसाठी सांगितलेलं तीन पेडलांचं युनिट. तिथे पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते, दिसायला सारखी वाटली तरी दुसऱ्याचं युनिट घालून बघू नका. युनिट लावलंत की उजवं पेडल सस्टेनचं. मधलं सोस्टेनुटो, म्हणजे पेडल दाबताना ज्या पट्ट्या बोटांखाली होत्या तेवढेच सूर धरून ठेवणारं, नंतर वाजवलेले सूर सुटे राहतात. डावं सॉफ्ट, म्हणजे आवाज मऊ करणारं.

आणि सस्टेनच्या भोकात व्हॉल्यूमचं एक्स्प्रेशन पेडल घालून उपयोग नाही. पाय हलवाल तसे सूर मध्येच अडकतील आणि सुटतील, आवाज कमीजास्त होणार नाही.

कळफलक

पेडल सरळ झालं, पियानो बंद करून पिन घातल्यावर लगेच. दुहेरी आवाजात दुसरा प्रकार निघाला: पियानोच्या हेडफोनमध्येच थरथर होती, सॉफ्टवेअरचं मिडी आउटपुट काढल्यावर गेली. मात्र आता लॅपटॉपच्या वाद्यावर वाजवताना पट्टी दाबल्यावर आवाज जरा मागून येतो. आणि फंक्शन बटणाचं कोणी सांगितलं नाही. ब्लूटूथ हेडफोन लावता येतील का, हेही विचारायचं होतं.

पट्टीपट्टी

फंक्शनचं मी सांगतो. मोजक्या बटणांच्या पियानोवर सेटिंग्ज पट्ट्यांमध्येच ठेवलेल्या असतात. फंक्शन, किंवा ते नसेल तर पियानो अथवा मेट्रोनोमचं बटण दाबून धरायचं आणि ठरलेली पट्टी दाबायची. पुष्कळ पियानोंवर पट्ट्यांच्या वरच्या काठाला बारीक अक्षरांत किंवा चिन्हांत हे लिहिलेलं असतं, तिरप्या उजेडात बघा. नसेल तर मॉडेलचा क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावरून मॅन्युअलची पीडीएफ उतरवून घ्या आणि त्यातलं पट्ट्यांच्या चित्राचं एकच पान छापून ठेवा. ते वाचताना एक खबरदारी: यामाहा मधल्या सीला सी३ म्हणते, काही इतर कंपन्या सी४. म्हणजे यामाहाच्या मॅन्युअलमध्ये सी७ लिहिलं असेल तर ती सगळ्यात उजवीकडची शेवटची पट्टी. मिडी क्रमांक मात्र सगळीकडे तेच.

टचच्या सेटिंगने पट्टीचं वजन बदलत नाही. वजन आतल्या हातोड्यांचं, ते आहे तेवढंच राहणार. बदलतं ते एवढंच, की किती जोराला किती आवाज. सॉफ्टवर कमी जोरातही भरपूर आवाज येतो आणि हळू-जोरातला फरक आखडतो. हार्डवर मोठ्या आवाजासाठी हात टाकावा लागतो, पण बारीक छटा काढायला जागा जास्त मिळते. मीडियम मधलं. फिक्स्डवर कसंही वाजवा, आवाज एकच. पियानोच्या आवाजावर हळू आणि जोरात दोन्ही सारखं ऐकू येत असेल तर सेन्सर बिघडला असं ठरवायच्या आधी फिक्स्ड लागलंय का बघा. ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डचे आवाज बहुधा मुळातच जोराला दाद देत नाहीत. खऱ्या वाद्यांचंही तसंच आहे.

शिकणाऱ्याने टच मीडियमवर ठेवून तिथेच राहावं असं माझं ठाम मत आहे. दर आठवड्याला सेटिंग बदलत राहिलं तर बोटांना जोराचा अंदाज कधीच बसत नाही.

ट्रान्स्पोज एकेका अर्धस्वराने सरकतं. बोटं पांढरी एकवर ठेवून काळी एकमध्ये वाजवायचं तर अधिक १. काही मॉडेल्सवर मिडीचा निरोपही सरकवूनच जातो, मग सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही दाबलेल्यापेक्षा वेगळी पट्टी दिसते. नोटेशन लिहून घेताना ट्रान्स्पोज शून्यावर आणा.

ट्यूनिंग म्हणजे ट्रान्स्पोज नव्हे. ते हर्ट्झमध्ये, अर्धस्वराच्याही आत. सुरुवातीची किंमत ए म्हणजे ४४० हर्ट्झ. ४४० च्या आसपास १ हर्ट्झचा फरक जवळजवळ ४ सेंटचा, आणि अर्धस्वर १०० सेंटचा. समोरचं वाद्य ४४२ ला लावलेलं असेल आणि पियानो ४४० वर, तर दोन्हींचा तोच ए एकत्र धरल्यावर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. हेलकावे थांबेपर्यंत ट्यूनिंग वर न्या.

ड्युअलमध्ये एका पट्टीवर दोन आवाज, स्प्लिटमध्ये डाव्या-उजव्या भागाला वेगवेगळे, ड्युओमध्ये दोघांना सारख्याच सप्तकात वाजवता यावं म्हणून पट्ट्यांचे दोन समान भाग. ड्युअलमध्ये सूर धरायची क्षमता वाटली जाते. ६४ सूरांच्या पियानोवर पेडल दाबून दोन आवाज वाजवले तर ती लवकर संपते, त्यात स्टिरिओ आवाज काही मॉडेल्सवर एका पट्टीला दोन जागा घेतो.

कुठलं सेटिंग कुठे बदललं हेच कळेनासं झालं तर सगळं मूळपदावर आणता येतं. यामाहाच्या पुष्कळ पोर्टेबल पियानोंवर सगळ्यात उजवीकडची पांढरी पट्टी दाबून धरून चालू करायचं. आत रेकॉर्ड केलेलं काही असेल तर आधी संगणकावर काढून घ्या. आणि अर्ध्या तासाने पियानो आपोआप बंद होतो म्हणून घाबरू नका, ते वीज वाचवण्याचं सेटिंग आहे. त्याच पियानोंवर सगळ्यात डावीकडची पट्टी दाबून चालू केलं की ते निघतं.

तारसप्तक

लॅपटॉपवरचा उशीर विंडोजवर असेल तर आवाजाचा ड्रायव्हर बदला. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एएसआयओ (कमी उशिराचा ड्रायव्हर) निवडा आणि बफर, म्हणजे वाजवण्याआधी साठवायच्या आवाजाच्या नमुन्यांची संख्या, कमी करा. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ नमुन्यांचा बफर म्हणजे ११.६ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, १२८ म्हणजे २.९. प्रत्यक्षातला उशीर याहून जास्त असतो, कारण ड्रायव्हर आणि ध्वनियंत्र स्वतःची भर घालतात. २५६ पासून सुरुवात करा, बोटांना जड वाटलं तर १२८. तडतड ऐकू येऊ लागली म्हणजे संगणकाला तेवढ्या वेळात काम उरकत नाहीये, एक पायरी मागे या. यूएसबी केबल बदलून यात काही फरक पडत नाही, उशीर आवाज तयार होण्यात आहे, निरोप पोचण्यात नाही.

ब्लूटूथ हेडफोन: नाही, आणि जमवायच्या मागेही लागू नका. पियानोवर ब्लूटूथ ऑडिओ लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा ते फक्त घेण्यासाठी असतं, म्हणजे फोनमधलं गाणं पियानोच्या स्पीकरवर ऐकायला. वेगळा ट्रान्समीटर लावून आवाज पाठवलात तरी नेहमीच्या ब्लूटूथला १००–२०० मिलिसेकंद लागतात. २०–३० मिलिसेकंदांचा उशीरही बोटांना जाणवू लागतो. हेडफोनला वायरच हवी.

ब्लूटूथ मिडी मात्र निराळं आणि कामाचं. त्यातून निरोप जातात, आवाज नाही, म्हणून उशीर कमी. ते जोडायची जागा लोकांची हमखास चुकते. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून पियानो जोडायचा नाही, ज्या ॲपमध्ये वापरायचंय त्या ॲपच्या आतून जोडायचा. आधी फोनच्या यादीतून जोडून बसला असाल तर तिथून 'विसरा' करा, मग ॲपमध्ये शोधा. अँड्रॉइड ११ पर्यंतच्या फोनवर ॲपला लोकेशनची परवानगी नसेल तर यादी रिकामीच दिसू शकते.

फोन केबलने जोडायचा तर अँड्रॉइड ६.० पासून मिडी आतच आहे, ओटीजी अडॅप्टर (फोनला यूएसबीची उपकरणं जोडू देणारा) लावला की पुरे. वाजवताना फोन विमान मोडवर टाका. पियानोच्या स्पीकरमध्ये टिक-टिक-टर्र असा आवाज येतो तो फोनच्या सिग्नलचा असतो.

ध्वनिवाहिनी

रेकॉर्ड बटणाचं राहिलं. तुमच्या पियानोचं रेकॉर्ड बटण बहुधा निरोपच नोंदवतं, आवाज नाही. त्याचा फायदा असा की वाजवून झाल्यावर पियानोचा आवाज बदलून किंवा वेग कमी करून तेच पुन्हा ऐकता येतं. दुसऱ्याला पाठवायची ऑडिओ फाइल मात्र त्यातून मिळत नाही. ती हवी तर ऑक्स आउट ऑडिओ इंटरफेसच्या (बाहेरचा आवाज संगणकात घेणाऱ्या यंत्राच्या) लाइन इनपुटला द्या. मायक्रोफोनच्या इनपुटला देऊ नका, तिथे आवाज फाटतो. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइलला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात.

वर तारसप्तक यांनी यूएसबीतून फक्त निरोप जातात असं लिहिलंय, त्याला एक अपवाद जोडतो. काही मॉडेल्स त्याच चौकोनी यूएसबीतून आवाजही पाठवतात. यामाहाच्या पी-४५ वर यूएसबीतून फक्त मिडी आहे, पी-१२५ वर मिडी आणि ऑडिओ दोन्ही. तपासायचं असेल तर केबल जोडून लॅपटॉपच्या ध्वनी सेटिंगमधली इनपुटची यादी उघडा. पियानोचं नाव तिथे दिसलं तर वेगळा इंटरफेस घ्यायची गरज नाही.

अशा पियानोवर रेकॉर्ड करताना 'ऑडिओ लूपबॅक' बंद ठेवा. ते चालू असलं की लॅपटॉपमधून पियानोकडे आलेला आवाज पियानोच्या आवाजात मिसळून परत लॅपटॉपकडे जातो. सॉफ्टवेअरमध्ये त्याच ट्रॅकचं मॉनिटरिंगही (आत येणारा आवाज लगेच ऐकवणं) चालू असेल तर तो फिरत फिरत वाढत जातो आणि काही क्षणांत किंचाळी निघते. पहिल्यांदा तपासताना हेडफोन गळ्यात ठेवा, कानावर नको.